कांगारूची शेपटी, क्रिकचा आक्षेप आणि सिटी स्कॅन : जी. एन. रामचंद्रन यांची गोष्ट

ठाणे स्टेशनच्या बाहेर पडा किंवा डोंबिवलीच्या मानपाडा रोडनं चालत जा, ‘सिटी स्कॅन’ लिहिलेली पाटी कुठे ना कुठे दिसणारच. घरातल्या कुणाला तरी त्या गोल मशीनमध्ये सरकवताना आपण बाहेर बाकड्यावर बसून राहिलेलो असतो. पण त्या मशीनमागच्या गणितात एका भारतीय शास्त्रज्ञाचा हात आहे, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. गंमत म्हणजे हा माणूस डॉक्टर नव्हता की कॉम्प्युटरवाला नव्हता. तो स्फटिकांचा अभ्यास करणारा भौतिकशास्त्रज्ञ होता, आणि स्कॅनचं गणित हे त्याचं सगळ्यात मोठं काम नव्हतंच.

गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन यांचा जन्म 8 ऑक्टोबर 1922 रोजी एर्नाकुलमला झाला. वडील तिथल्या महाराजा कॉलेजात गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे आकडेमोड घरातच. तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजातून फिजिक्स घेऊन ते 1942 साली बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. तेही कशासाठी, तर इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगसाठी! पण तिथे सी. व्ही. रामन होते. रामन यांनी या पोराची चुणूक ओळखली आणि त्याला सरळ आपल्या फिजिक्स विभागात ओढून घेतलं.

रामन यांना हिऱ्यांचं भारी वेड. रामचंद्रनही हिरे आणि इतर स्फटिकांवर एक्स-रे सोडून त्यांच्या आतली रचना तपासू लागले. स्फटिकशास्त्राचा गाभा तसा सोपा आहे. स्फटिकात अणू शिस्तीत रांगा लावून बसलेले असतात. त्यांच्यावर एक्स-रे टाकले की ते ठरावीक दिशांना विखुरतात आणि फिल्मवर ठिपक्यांची नक्षी उमटते. त्या नक्षीवरून उलट हिशेब करत अणू कुठे बसलेत ते शोधायचं. हे तंत्र उभं करणारे लॉरेन्स ब्रॅग तेव्हा केंब्रिजच्या कॅव्हेंडिश लॅबचे प्रमुख होते. रामचंद्रन 1947 ते 1949 ही वर्षं तिथे राहिले आणि वूस्टर यांच्या हाताखाली पीएचडी करून परत आले.

1952 मध्ये, जेमतेम तिशीत, ते मद्रास विद्यापीठाच्या फिजिक्स विभागाचे प्रमुख झाले. कुलगुरू लक्ष्मणस्वामी मुदलियार यांनी ही जागा आधी रामन यांना देऊ केली होती. रामन यांनी आपल्या शिष्याचं नाव पुढे केलं.

आता संशोधन कशावर करायचं? त्याच सुमारास नामवंत ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले होते. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की कोलॅजेनची रचना अजून कुणालाच नीट उलगडलेली नाही. कोलॅजेन म्हणजे कातडी, हाडं, स्नायूबंध यांना बळकटी देणारं प्रथिन. आपल्या शरीरात सगळ्यात जास्त असलेलं प्रथिन हेच. लायनस पॉलिंगसारख्या दिग्गजानं त्याची रचना मांडून पाहिली होती, पण ती चुकली होती.

शेजारीच केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती. चामड्याची संस्था म्हटल्यावर तिथे कोलॅजेनची काय कमी! तिथून कांगारूच्या शेपटीचा स्नायूबंध मिळाला. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्था यांनी त्याचे एक्स-रे फोटो काढले आणि कोडं सोडवायला घेतलं. एक धागा हाताशी होता. कोलॅजेनमधलं साधारण दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन असतं, आणि ग्लायसिन हे सगळ्यात लहान अमिनो आम्ल. तिसरी जागा सतत चिमुकल्यासाठीच राखीव का? रामचंद्रन यांचं उत्तर होतं : कोलॅजेन म्हणजे शेजारी शेजारी बसलेल्या तीन साखळ्या आहेत आणि त्यांच्या मधल्या अरुंद जागेत फक्त ग्लायसिन मावतं. ऑगस्ट 1954 मध्ये ‘नेचर’मध्ये हे छापून आलं. पुढच्याच वर्षी त्यांनी सुधारणा केली. तीन साखळ्या नुसत्या शेजारी नाहीत, तर दोरखंडाच्या पिळासारख्या एकमेकींभोवती वळलेल्या आहेत.

आणि इथेच ठिणगी पडली. 1955 मध्येच अलेक्झांडर रिच आणि डीएनएवाले फ्रान्सिस क्रिक यांनी ‘नेचर’मध्ये आपली रचना मांडली. पिळाची कल्पना त्यांनाही मान्य होती, पण रामचंद्रन यांच्या मॉडेलमध्ये काही अणू नको तितके जवळ आलेत, असा त्यांचा आक्षेप होता. रामचंद्रन दर तीन अमिनो आम्लांमागे दोन हायड्रोजन बंध धरत होते, रिच आणि क्रिक एकच. मद्रासच्या एका लहानशा विभागासमोर थेट केंब्रिज उभं राहिलं होतं, आणि पुढच्या काळात जगभर श्रेयाचा मोठा वाटा क्रिक-रिच यांच्या नावावर जमा झाला.

दुसरा कुणी असता तर पत्रापत्री करून भांडत बसला असता. रामचंद्रन यांनी मूळ प्रश्नच हातात घेतला. ‘नको तितके जवळ’ म्हणजे नेमकं किती? डोंबिवलीच्या सकाळच्या लोकलमध्ये माणसं हवी तेवढी चेपली जातात, अणूंना मात्र एक हद्द असते. ती हद्द शोधायला त्यांनी तोवर उलगडलेल्या स्फटिकांच्या रचना चाळल्या आणि कोणते दोन अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात याचा हिशेब लावला.

पुढची पायरी तर फारच सुंदर आहे. प्रथिनाची साखळी प्रत्येक अमिनो आम्लापाशी मुख्यतः दोनच ठिकाणी फिरू शकते. म्हणजे दोन कोन. एक कोन आडव्या अक्षावर, दुसरा उभ्या अक्षावर घेतला की चौकोनी नकाशा तयार होतो. मग प्रत्येक जागी तपासायचं : साखळी अशी वळवली तर अणू एकमेकांवर आदळतात का? आदळले तर ती जागा निषिद्ध. सगळा नकाशा भरल्यावर दिसलं की बहुतेक भाग निषिद्धच आहे, मोकळी राहतात ती मोजकी बेटं. सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासह त्यांनी हे 1963 मध्ये प्रसिद्ध केलं. जग त्याला ‘रामचंद्रन प्लॉट’ म्हणतं. आजही कुठल्याही लॅबमध्ये प्रथिनाची नवी रचना उलगडली की ती या नकाशावर ठेवून तपासतात. बरेच ठिपके निषिद्ध जागी पडले, तर कुठेतरी गडबड आहे हे समजायचं.

मग कोलॅजेनच्या भांडणात बरोबर कोण होतं? दोन्ही बाजू थोड्या थोड्या. तीन साखळ्यांचा पीळ टिकला. थेट हायड्रोजन बंध मात्र एकच निघाला. दुसरा बंध पाण्याच्या रेणूमार्फत जोडला जातो असं रामचंद्रन यांनी 1968 मध्ये मांडलं होतं, आणि 1994 साली अशाच पीळदार साखळीच्या स्फटिकात असे पाण्याचे पूल खरोखरच दिसले.

1970 मध्ये त्यांनी मद्रास सोडलं आणि पुढच्या वर्षी बंगळुरूला मॉलिक्युलर बायोफिजिक्स युनिट उभं केलं. स्कॅनचं काम याच काळातलं. वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या एक्स-रे सावल्या जशाच्या तशा एकत्र केल्या तर चित्र धूसर येतं. आधी प्रत्येक सावलीवर विशिष्ट गणिती संस्कार करून मग त्या जोडल्या, तर ते कमी वेळात स्वच्छ मिळतं, हे त्यांनी आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी 1971 मध्ये दाखवलं. इमेज प्रोसेसिंगच्या पुस्तकात पोरं ‘राम-लक फिल्टर’ शिकतात, तो या दोघांचाच. सिटी स्कॅनचं नोबेल 1979 साली कॉरमॅक आणि हाउन्सफील्ड यांना मिळालं.

रामचंद्रन यांना नोबेल कधीच मिळालं नाही. 1961 मध्ये भटनागर पुरस्कार आणि 1977 मध्ये रॉयल सोसायटीची फेलोशिप मिळाली. उतारवयात ते तर्कशास्त्राकडे वळले आणि स्याद्वादाला गणिताच्या भाषेत बसवू लागले. पार्किन्सननं हात थरथरू लागले होते. 1998 मध्ये पत्नी राजलक्ष्मी गेल्या. 1999 चं एवाल्ड पारितोषिक, म्हणजे स्फटिकशास्त्रातला सर्वोच्च सन्मान, त्यांच्या वाट्याला आला तेव्हा ते पंचाहत्तरी ओलांडून गेले होते. 7 एप्रिल 2001 रोजी चेन्नईत त्यांचं निधन झालं.