चित्रातून कथा सांगणारा राजा

चित्रकथा ही परदेशातून आलेली चीज असून ती मुलांच्या करमणुकीपुरतीच असते, हा समज आपल्या सुशिक्षित वर्गात अजून घट्ट मूळ धरून आहे. १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ मराठी घरांत शिरला, तेव्हा पालकांनी नाके मुरडली. १९६७ मध्ये अनंत पै यांनी 'अमर चित्र कथा' आरंभली आणि राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारख्या कसलेल्या चित्रकारांनी तिच्यासाठी लेखणी-कुंचला झिजविला. या पुस्तिकांना घरात प्रवेश मिळाला खरा, पण तो देवादिकांच्या नावावर. चित्राच्या गुणावर नव्हे. पुढे अमेरिकेत विल आयस्नर याने १९७८ मध्ये प्रौढांसाठी चित्रकादंबरी सिद्ध केली आणि १९९२ मध्ये आर्ट स्पिगलमन याच्या 'माऊस' या चित्रमय कथेला पुलित्झर पारितोषिक देण्यात आले. तेव्हा आपल्याकडील काही जाणकारांना या प्रकाराची दखल घ्यावीशी वाटली. परक्याने मोहोर उठविल्यावाचून आपले डोळे उघडत नाहीत, हा अनुभव काही नवा नाही.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात महापे येथील औद्योगिक वसाहतीत आज पुस्तकछपाईचे मोठे कारखाने चालतात. रंगीत चित्रांचे फर्मे यंत्रातून बाहेर पडणे ही तिथल्या कामगाराच्या दृष्टीने रोजच्या पाळीतली बाब आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र रंगीत चित्रांची एक सलग पोथी छापून काढणे हे धाडसाचे आणि खर्चाचे काम होते. ते ज्याने अंगावर घेतले, तो गृहस्थ व्यवसायाने चित्रकार नव्हता, प्रकाशक तर नव्हताच. तो सातारा भागातील एका लहानशा संस्थानाचा अधिपती होता. औंधचे भवानराव श्रीनिवासराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे नाव आजच्या पिढीला ठाऊक असते ते सूर्यनमस्कारांमुळे, आणि फार झाले तर राजकारणातील एका औदार्याच्या प्रयोगामुळे. त्यांच्या चित्रकथनाचा विचार आपण गंभीरपणे केलेला नाही.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. छत्रपतींच्या प्रतिनिधिपदाचा वारसा सांगणारे हे घराणे. परशुराम त्रिंबक यांच्यापासून चालत आलेले. बाळासाहेबांचे शिक्षण साताऱ्यास आणि नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाले. पदवी घेतलेला संस्थानिक ही त्या काळी अपूर्वाईच होती. वडिलांच्या हाताखाली त्यांनी राज्यकारभाराची उमेदवारी केली आणि वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, १९०९ मध्ये, ते गादीवर आले. सलग प्रदेशसुद्धा नशिबी नसलेले, साताऱ्यापासून विजापूरपर्यंत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले हे राज्य. उत्पन्न बेताचे, पाऊस त्याहून बेताचा. अशा राजाने शिकार, शर्यती आणि विलायतेच्या वाऱ्या यांत दिवस घालविले असते, तर कोणी नवल केले नसते. बाळासाहेबांना दोन नाद होते, चित्रकलेचा आणि कीर्तनाचा. हे दोन वेगळे छंद होते असे त्यांचे चरित्र सांगणारे मानतात. मला तसे वाटत नाही.

कीर्तनकाराचे कसब कशात असते? आख्यान श्रोत्यांना पाठ असते. सीतेचे हरण होणार, जटायू पडणार, मारुती समुद्र ओलांडणार, हे मंडपातील पोरालाही माहीत असते. कोणत्या क्षणी थांबावे, कोणता क्षण लांबवावा आणि कोणता एका वाक्यात उरकावा, यातच कीर्तनकाराची परीक्षा होते. चित्रकथाकारासमोरही नेमका हाच प्रश्न असतो. दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत जे घडते ते वाचक मनाशी रचतो. म्हणून चौकटींची निवड हेच अर्धे कथन असते. राजा रविवर्म्याचा 'जटायुवध' पाहा. तो एकच क्षण आहे, आणि त्याच्या अलीकडची-पलीकडची कथा पाहणाऱ्याने आपल्या पदरची घालायची आहे. बाळासाहेबांवर रविवर्म्याच्या शैलीची छाया पडलेली होती, हे लपविण्यात अर्थ नाही. त्या काळी ती कोणावर पडली नव्हती? परंतु एका प्रसंगावर थांबणे त्यांच्यातल्या कथेकऱ्याला मानवले नाही. त्यांनी अख्खी रामकथा ओळीने रंगवायला घेतली.

१९१६ मध्ये प्रसिद्ध झालेले 'चित्ररामायण' हे त्या उद्योगाचे फळ. एकामागून एक येणारी रंगीत चित्रे आणि सोबत त्या त्या प्रसंगाचे निवेदन, अशी त्याची मांडणी. हा सनही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. रविवर्म्याच्या छापखान्यात काम केलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला होता आणि १९१७ मध्ये ते 'लंकादहन' दाखविणार होते. एकच कथाद्रव्य, एकाच चित्रशैलीचा संस्कार, आणि त्यातून अवघ्या चार वर्षांच्या आत दोन माणसे दोन वाटांनी एकाच गोष्टीकडे निघालेली: स्थिर चित्राला काळाची गती कशी द्यावी! फाळक्यांची वाट राजमार्ग झाली. औंधकरांची वाट पुढे कित्येक वर्षे ओस पडून राहिली.

चित्रकार म्हणून बाळासाहेब पहिल्या प्रतीचे होते काय? नव्हते. हाडाच्या चित्रकाराची रेषेवरची हुकमत त्यांच्यापाशी नाही. त्यांच्या आकृत्या बऱ्याचदा संगीत नाटकातील पात्रांप्रमाणे प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या राहिल्याचा भास होतो. धुरंधरांच्या शेजारी त्यांना बसविले तर उणीव चटकन दिसते. पण एकेका चित्राला वेगळे काढून, भिंतीवर टांगून, मगच त्याचा निवाडा करायचा हा दंडक चित्रकथेला लावणे मुळातच अन्यायाचे आहे. अभंगातील एका चरणाला स्वतंत्र कविता समजून कोणी मोजत नाही. पिंगुळीच्या ठाकर समाजातील चित्रकथी पोथीतील एकेक पान उचलून श्रोत्यांसमोर धरतो आणि गात गात कथा पुढे नेतो; ते पान सुटे करून काचेत बसविले की त्याचा निम्मा प्राण गेलेला असतो. ही परंपरा बाराव्या शतकातील सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'ला परिचित होती. आपल्या सरकारला तिची ओळख पटून परशुराम गंगावणे यांना पद्मश्री देण्यास मात्र २०२१ साल उजाडले. बाळासाहेब राजवाड्यात बसून जे करीत होते, ते या गावोगाव हिंडणाऱ्या कलावंतांच्या कामाचेच छापील भावंड होते. दोघांची गाठ पडली असती तर काय झाले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

त्यांची खरी जिद्द दिसते ती महाभारताच्या बाबतीत. पुण्यात १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था स्थापन झाली आणि दुसऱ्याच वर्षी बाळासाहेबांनी महाभारताची सचित्र आवृत्ती काढण्याची कल्पना संस्थेपुढे मांडून एक लाख रुपयांचे साह्य देऊ केले. औंधसारख्या संस्थानाला ही रक्कम किती जड होती, हे निराळे सांगायला नको. पंडितांना हवी होती ती शुद्ध संहिता. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनी १९२५ पासून संपादनाची धुरा वाहिली. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते गोळा झाली, पाठभेद ताडले गेले, प्रक्षेप वेगळे काढण्यात आले. हे काम जगन्मान्य ठरले आणि ते तसे ठरावे यात कोणाला शंका नाही. पण ज्या मूळ इच्छेतून ते उभे राहिले ती चित्रांची होती, याचा उल्लेख आपण सहसा करीत नाही. त्या ग्रंथांच्या मुखपृष्ठावर संपादकाच्या नावाबरोबरच, प्राचीन नमुन्यांच्या आधारे चित्रे काढणारे म्हणून औंधच्या अधिपतींचे नाव छापलेले आहे. आधार या शब्दाला तिथे अर्थ आहे. बाळासाहेबांनी वेरूळवर १९२९ मध्ये आणि अजिंठ्यावर १९३२ मध्ये पुस्तके लिहिली. रविवर्म्याच्या नायिका नऊवारी नेसून पुराणात वावरतात. महाभारतातील माणसे प्राचीन शिल्पांत आणि भित्तिचित्रांत दिसतात तशा वेषात असावीत, हा बाळासाहेबांचा आग्रह होता. संहितेची शुद्धी पंडित करीत होते आणि चित्राची शुद्धी राजा करू पाहत होता.

बाकीचे चरित्र सर्वश्रुत आहे, त्यामुळे ते भराभर सांगितले तरी चालेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना उभारता आला तो याच राजाच्या आश्रयामुळे. १९३५ मध्ये इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद बाळासाहेबांना मिळाले. १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी आपला अधिकार प्रजेच्या हाती सोपविणारी राज्यघटना दिली. स्वतंत्रपूर येथील खुल्या तुरुंगाचा प्रयोगही त्याच संस्थानातला, पुढे व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटामागे तोच होता. सूर्यनमस्कारांवरील त्यांच्या पुस्तकाकडे मात्र पुन्हा एकदा चित्रकथेच्या नजरेने पाहावे. शरीराची एक अवस्था, मग दुसरी, मग तिसरी, अशा दहा अवस्थांतून एक हालचाल वाचकाच्या मनात पूर्ण होते. शब्दांनी समजावताना घोटाळा होतो ते क्रमाने दाखविले की निरक्षरालाही उमगते, हे त्यांना पक्के कळलेले होते.

औंधच्या शाळेत शिकलेल्या मुलांत ग. दि. माडगूळकरही होते. १९५५ मध्ये पुण्याच्या आकाशवाणीवरून त्यांचे 'गीतरामायण' सुरू झाले आणि छप्पन्न गीतांत, एकेका पात्राच्या तोंडून, रामकथा आठवड्याआठवड्याने उलगडत गेली. ज्या गावाच्या राजाने रामायणाच्या चौकटी पाडल्या, त्याच गावाच्या शाळेतील विद्यार्थ्याने पुढे तिची गीते केली, यातून कार्यकारणभाव काढण्याचा मोह मी आवरतो. पण प्रसंग निवडून, मधला दुवा श्रोत्यावर सोपवून कथा सांगण्याची रीत दोन्हीकडे आहे, एवढे नक्की.

१३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेब निवर्तले. संस्थान तीन वर्षांपूर्वीच मुंबई प्रांतात विलीन झाले होते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९६६ मध्ये पुरे झाले, ते पाहायला ते नव्हते. आज अभ्यासक संगणकावर त्या संहितेतील श्लोक शोधतात, तेथे पाठ आहे, पाठभेद आहेत, चित्रे नाहीत. ती पाहायची तर ग्रंथालयात जाऊन मूळ खंड मागावे लागतात. औंधला यमाईच्या डोंगरावर १९३८ मध्ये त्यांनी उभारलेले संग्रहालय मात्र उघडे आहे. रविवर्मा, धुरंधर आणि हेन्री मूर यांच्या कलाकृती तेथे एका छताखाली आहेत. पायथ्याच्या गावातून पायऱ्या चढून येणारा देवीचा भक्तही त्या पाहून जातो.