प्रारंभीच्या चाली उशिरा शिकलेला विजेता : मीर सुलतान खान

अविभक्त पंजाबातील मिठा टिवाणा या गावचे मीर सुलतान खान बालपणी वडिलांकडून बुद्धिबळ शिकले, ते भारतीय पद्धतीचे. त्यात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाई. किल्लेकोट नव्हता, राजाला मात्र एकदा घोड्याप्रमाणे उडी घेता येई. साहजिकच डाव संथपणे उलगडे.

जमीनदार सर उमर हयात खान यांच्या आश्रयाने ते पाश्चात्त्य नियमांनी खेळू लागले. १९२८ मध्ये अखिल भारतीय स्पर्धा जिंकून पुढील वर्षी ते लंडनला पोहोचले, तेव्हा प्रारंभीच्या चालींबाबत ते जवळजवळ नवशिकेच होते. युरोपातील खेळाडूंना त्या चाली तोंडपाठ असत. विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स यांनी त्यांच्याकडून सराव करून घेतला. त्याच वर्षी रॅम्सगेट येथे सुलतान खान ब्रिटिश विजेते झाले! १९३२ व १९३३ मध्येही त्यांनी हे अजिंक्यपद पटकावले.

ही उणीव पूर्णतः कधीच भरून निघाली नाही. सुरुवातीला पत्करलेली अडचण ते मध्यडावात चिवटपणे निस्तरत आणि अंतिम टप्प्यात बाजी मारत. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेते कापाब्लांका यांना नमविले.

१९३३ च्या अखेरीस ते मायदेशी परतले. १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकर यांच्याविरुद्धच्या दहा डावांत त्यांनी केवळ एक बरोबरी दिली. १९६६ मध्ये पाकिस्तानातील सरगोधा येथे त्यांचे निधन झाले. जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्यांना सन्माननीय ग्रँडमास्टर किताब दिला, तो २०२४ मध्ये.