लोकमान्य टिळक : अध्यक्षपद आणि पक्षांतर्गत सत्ता

दापोली तालुक्यात समुद्रकाठी बुरोंडी हे मच्छीमारांचे गाव आहे. त्याच तालुक्यातील चिखलगाव हे टिळक घराण्याचे मूळ गाव. बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. त्यांचे राजकीय प्रतिस्पर्धी गोपाळ कृष्ण गोखले हेही याच जिल्ह्यातील कोतळूकचे. गोखले १९०५ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी, राष्ट्रसभेचे अध्यक्ष झाले. टिळकांना मात्र हे पद अखेरपर्यंत भूषविता आले नाही. असे का घडले, हे समजून घेताना पक्षातील सत्ता कोणाच्या हाती असते, हा प्रश्नही उलगडतो.

संस्थेतील बहुमताचे महत्त्व टिळकांनी लवकर ओळखले होते. १८९५ साली पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या व्यवस्थापक मंडळात त्यांच्या पक्षाला बहुमत मिळाले. तेव्हा न्यायमूर्ती रानडे व गोखले यांच्या गटाने बाहेर पडून १८९६ साली डेक्कन सभा स्थापन केली. म्हणजेच टिळक हे पक्षांतर्गत डावपेचांचे केवळ बळी नव्हते; ते त्या खेळातील जाणते खेळाडूही होते.

राष्ट्रसभेचे स्वरूप मात्र निराळे होते. तिला नोंदणीकृत सभासद नव्हते. ज्या शहरात अधिवेशन भरे, तेथील स्वागत समिती अध्यक्ष निवडण्यात पुढाकार घेई. जमलेल्या प्रतिनिधींची संमती हा बहुधा उपचार असे. त्यामुळे अधिवेशनाचे स्थळ ज्याच्या हाती, त्याच्या हाती अध्यक्षपदाची किल्ली असे. मुंबईचे फिरोजशहा मेहता हे मवाळ गटाचे सर्वांत प्रभावी नेते होते. १९०६ साली कलकत्त्यात टिळकांचे नाव पुढे येताच मवाळांनी ८१ वर्षांच्या दादाभाई नौरोजींना पाचारण केले. दादाभाईंना विरोध करणे कोणासही शक्य नव्हते.

१९०७ चे अधिवेशन नागपूरला ठरले होते. तेथे टिळकांच्या अनुयायांचा जोर दिसताच ते सुरतेस हलविण्यात आले. सुरत मुंबई इलाख्यात येत असे आणि यजमान प्रांतातील व्यक्तीस अध्यक्ष न करण्याचा संकेत होता. अशा रीतीने स्थळ बदलताच टिळकांचे नाव आपोआप बाद झाले. जहालांनी लाला लजपतराय यांचे नाव सुचविले. परंतु त्यांनी नकार दिला. रासबिहारी घोष यांच्या नावाचा प्रस्ताव मांडला जाताच २६ डिसेंबरला गोंधळ झाला. दुसऱ्या दिवशी टिळक बोलण्यासाठी व्यासपीठावर गेले; त्यांना परवानगी नाकारण्यात आली, जोडा फेकला गेला आणि अधिवेशन उधळले.

१९०८ साली मवाळांनी नवी घटना केली. ध्येयपत्रिका लेखी मान्य करणाऱ्यालाच प्रतिनिधी होता येईल, असे ठरले. जहालांना दार बंद झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली. मंडालेहून ते १९१४ साली परतले. १९१५ साली गोखले व मेहता दोघेही निवर्तले, आणि त्याच वर्षीच्या मुंबई अधिवेशनात प्रतिनिधी निवडीचे नियम सैल करण्यात आले. १९१६ साली लखनौत टिळक राष्ट्रसभेत परतले.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये बेळगाव येथे त्यांनी होमरूल लीग स्थापन केली. तिचे अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा, चिटणीस न. चिं. केळकर, टिळकांनी स्वतःकडे एकही पद घेतले नाही. तरीही लीगचा खरा नेता कोण, याविषयी कोणालाच शंका नव्हती. पुढे १९१८ च्या दिल्ली अधिवेशनासाठी त्यांची अध्यक्ष म्हणून निवड झाली. परंतु चिरोल खटल्यासाठी ते विलायतेस गेले आणि ते स्थान मदनमोहन मालवीयांनी भूषविले.

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्याच डिसेंबरात नागपूरला राष्ट्रसभेने नवी घटना स्वीकारली : चार आणे वर्गणीचे सभासदत्व, भाषावार प्रांतिक समित्या आणि कार्यकारिणी. तेरा वर्षांपूर्वी याच शहरातून अधिवेशन हलविले गेले होते, हे येथे ध्यानात ठेवावे. टिळकांचे चरित्र वाचताना अध्यक्ष कोण झाला, एवढ्यावर थांबू नये. निवडीचा नियम कोणी केला आणि तो बदलण्याचा अधिकार कोणाकडे होता, हेही विचारावे.