थोड्याथोड्या दानातून उभा राहिलेला दवाखाना



येत्या रविवारी मिशन रविवार आहे. पोप अकरावे पायस यांनी १९२६ साली हा दिवस सुरू केला. तेव्हापासून ऑक्टोबर महिन्याच्या शेवटून दुसऱ्या रविवारी जगभरच्या कॅथोलिक चर्चमध्ये मिशनकार्यासाठी दान गोळा केले जाते. त्याची पाकिटे आपल्या घरोघरी पोहोचली आहेत. पाकीट हातात घेताना दरवर्षी एक प्रश्न मनात येतोच. आपल्या पन्नास-शंभर रुपयांनी दूर आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यात असा काय फरक पडणार? प्रश्न चुकीचा नाही. परंतु त्याचे उत्तर उपदेशातून देण्यापेक्षा एका माणसाच्या जीवनातून द्यावे, असे आम्हांला वाटते. हा माणूस म्हणजे डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. श्वाइट्झर कॅथोलिक नव्हते. ते लुथरन पंथाचे पाळक होते आणि येशूविषयीची त्यांची काही मते आपल्या श्रद्धेशी जुळणारी नाहीत. तरीही त्यांच्या हातून जे घडले, त्यात शुभवर्तमानाचा प्रकाश आहे, आणि तो नाकारण्याचे आपल्याला काही कारण नाही.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८७५ रोजी आल्सेस प्रांतातील कायझर्सबर्ग या गावी झाला. हा प्रांत त्या काळी जर्मनीच्या ताब्यात होता. वडील गुन्सबाख या लहानशा गावात पाळक होते. त्या गावचे चर्च एकच, आणि ते कॅथोलिक व प्रॉटेस्टंट दोघेही आळीपाळीने वापरीत. कॅथोलिकांची सोनेरी वेदी लहानग्या अल्बर्टला फार आवडायची. दोन पंथांची माणसे एकाच छपराखाली प्रार्थना करू शकतात, हा धडा त्याने तिथेच घेतला.

लहानपणाचा आणखी एक प्रसंग त्यांनी पुढे लिहून ठेवला आहे. गावातल्या एका मुलाशी त्यांची कुस्ती झाली. अल्बर्टने त्याला खाली पाडले. तेव्हा तो मुलगा म्हणाला की तुझ्यासारखे आठवड्यातून दोनदा मांसाचे सूप मला मिळाले असते, तर मीही असाच बळकट झालो असतो. त्या दिवसापासून घरात सूप वाढले की अल्बर्टच्या घशाखाली ते उतरेना. आपल्याला मिळाले ते केवळ आपल्या कर्तृत्वाने नव्हे, हे त्या वयातच त्याच्या मनाला टोचले. कोलमार शहरातल्या एका स्मारकावर आफ्रिकी माणसाचा भव्य पुतळा होता. त्या चेहऱ्यावरचे दुःख पाहण्यासाठी तो पुन्हा पुन्हा तिथे जाई.

पुढे हा मुलगा फार मोठा विद्वान झाला. १८९९ साली त्यांनी कांट या तत्त्वज्ञावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. धर्मशास्त्रातही पदवी घेतली, स्ट्रासबर्गच्या संत निकोलस चर्चमध्ये प्रवचनकार म्हणून काम केले आणि विद्यापीठात शिकवले. ऑर्गनवादक म्हणून युरोपभर नाव झाले. संगीतकार बाख यांच्यावरचे त्यांचे पुस्तकही गाजले. परंतु १८९६ सालच्या पेंटेकॉस्टच्या सुटीत, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी मनाशी एक करार केला होता. तिसाव्या वर्षापर्यंत विद्या आणि कला, त्यानंतर माणसांची प्रत्यक्ष सेवा.

सेवा कोणती, हे ठरत नव्हते. १९०४ सालच्या शरद ऋतूत पॅरिसच्या मिशन संस्थेची एक मासिक पत्रिका कुणीतरी त्यांच्या टेबलावर आणून ठेवली. ती बाजूला सारता सारता एका लेखावर त्यांची नजर पडली. गॅबनमधील मिशनला माणसे हवी आहेत, असे त्यात लिहिले होते. लेख वाचून संपला आणि त्यांचा शोधही संपला. आपण रविवारी अशा पत्रिका घडी करून खिशात घालतो. त्यातले एखादे पान कुणाचे आयुष्य बदलेल, हे छापणाऱ्यालाही ठाऊक नसते.

ऑक्टोबर १९०५ मध्ये त्यांनी नातेवाइकांना आणि मित्रांना पत्रे पाठवून कळवले की आपण आता वैद्यकीय शिक्षण घेणार आणि डॉक्टर होऊन आफ्रिकेत जाणार. घरच्यांना आणि मित्रांना हे मुळीच पटले नाही. प्राध्यापक असलेला तीस वर्षांचा माणूस पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर बसला. मिशन संस्थेपुढेही अडचण होती. त्यांची धर्ममते संस्थेला मान्य नव्हती. तेव्हा त्यांनी दोन गोष्टी कबूल केल्या. तिथे आपण केवळ डॉक्टर म्हणून राहू, प्रवचन करणार नाही. आणि दवाखान्याचा सारा खर्च आपला आपण उभा करू.

हा पैसा त्यांनी कसा उभा केला, ते पाहण्यासारखे आहे. पाठीशी कुणी राजा नव्हता की सरकार नव्हते. ते ओळखीच्या लोकांच्या घरी जाऊन दारात उभे राहिले. ज्या घरांत एरवी त्यांचे हसून स्वागत होई, तिथे ते भेटीला नव्हे तर वर्गणीला आले आहेत हे कळताच यजमानांचा सूर बदले. वर्गणीची वही घेऊन फिरलेल्या आपल्यातल्या कुणालाही हा अनुभव नवा नाही. परंतु झालेल्या अपमानापेक्षा मिळालेला चांगुलपणा शंभरपटीने अधिक होता, असे त्यांनीच नमूद केले आहे. विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी दिले. संत निकोलस चर्चच्या भक्तजनांनी दिले. आल्सेसमधल्या इतर धर्मग्रामांनी दिले. त्यांतले कित्येक पाळक त्यांचे जुने सोबती किंवा विद्यार्थी होते. ऑर्गनवादनाच्या कार्यक्रमांतून आणि पुस्तकातून आलेले पैसे त्यात पडले.

१९१२ साली त्यांचा हेलेन ब्रेस्लाऊ यांच्याशी विवाह झाला. या कामासाठी त्या परिचारिकेचे शिक्षण घेऊन तयार झाल्या होत्या. २१ मार्च १९१३, शुभ शुक्रवारी, दोघांनी गुन्सबाख सोडले. बरोबर सत्तर पेट्या सामान होते. १६ एप्रिलला ओगोवे नदीकाठच्या लांबारेने येथे ते पोहोचले. विषुववृत्ताजवळचे घनदाट जंगल, आणि रस्ता म्हणजे नदी. हिवताप, कुष्ठरोग, निद्रारोग, आमांश, चिघळलेल्या जखमा, अडकलेला हर्निया घेऊन माणसे शेकडो किलोमीटरांवरून होडीने येऊ लागली. दवाखान्याची इमारत तर तयारच नव्हती. शेवटी एका मिशनऱ्याचे कोंबड्यांचे खुराडे रिकामे होते, ते साफ करून त्याला चुना लावला आणि तिथे रोगी तपासणे सुरू झाले. छपराला भोके होती, म्हणून उन्हापासून बचाव करायला आतही टोपी घालून बसावे लागे.

जोसेफ अझोवानी हा त्यांचा पहिला मदतनीस. तो पूर्वी आचारी होता आणि अनेक भाषा जाणत होता. रोग्याला कुठे दुखते ते सांगताना तो शरीराच्या अवयवांना खाटकाच्या दुकानातली नावे देई. प्रत्येक रोग्याच्या गळ्यात दोऱ्याला बांधलेला पुठ्ठ्याचा एक क्रमांक असे आणि वहीत त्या क्रमांकापुढे रोग व औषध लिहिलेले असे. रोज सकाळी रोग्यांना नियम ऐकवले जात. त्यांतला एक असा की औषधाची बाटली आणि डबी परत आणलीच पाहिजे. जंगलाच्या दमट हवेत औषध टिकायला घट्ट झाकणाची बाटली लागे, आणि ती तिथे मिळत नसे. युरोपातल्या एखाद्या गृहिणीने धुऊन पाठवलेली रिकामी बाटलीसुद्धा तिथे मोलाची होती. पहिल्या नऊ महिन्यांत त्यांनी सुमारे दोन हजार रोगी तपासले.

श्वाइट्झर रोग्यांकडूनही काहीतरी घेत. ज्याला जमेल त्याने केळी आणावीत, अंडी आणावीत, कोंबडी आणावी. तुमच्यासाठी ज्यांनी पैसे पाठवले ते सारे श्रीमंत नाहीत, त्यांनीही पोटाला चिमटा घेतला आहे, असे ते रोग्यांना समजावून सांगत. घेणाऱ्यानेही देणारा व्हावे, हा त्यांचा आग्रह होता.

त्यांनी वर्णन केलेला एक प्रसंग आम्हांला या साऱ्या चरित्राचे हृदय वाटतो. हर्नियाच्या वेदनेने तळमळणाऱ्या माणसावर शस्त्रक्रिया झाली आहे. अंधाऱ्या झोपडीत तो शुद्धीवर येतो, दुखणे गेल्याचे त्याच्या लक्षात येते आणि तो डॉक्टरांचा हात शोधून घट्ट धरतो. मग श्वाइट्झर त्याला आणि भोवतीच्या रोग्यांना सांगतात की प्रभू येशूने आम्हांला इथे यायला सांगितले आणि युरोपातली माणसे त्यासाठी पैसे देतात. त्यावर रोगी विचारू लागतात: ही माणसे कोण? ती राहतात कुठे? आम्ही इतके आजारी आहोत, हे त्यांना कळले कसे?

या प्रश्नांपाशी आम्ही थांबतो. आपण विचारतो, माझ्या पैशाने काय होणार. झोपडीतला माणूस पैशाविषयी विचारीत नाही. त्याला जाणून घ्यायचे आहे की आपली आठवण कुणी ठेवली.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. गॅबन फ्रेंचांची वसाहत आणि श्वाइट्झर जर्मन नागरिक, म्हणून दोघांना स्थानबद्ध केले गेले. १९१५ साली नदीच्या प्रवासात त्यांना जीवनाविषयीच्या पूज्यभावाचा विचार सुचला. जे जे जगते आहे त्याच्या जगण्याचा आदर करणे, हे नीतीचे मूळ, असे त्यांचे म्हणणे. १९१७ च्या सप्टेंबरमध्ये त्यांना कैदी म्हणून फ्रान्सला नेण्यात आले. बोटीवर चढताना जवळच्या कॅथोलिक मिशनचे प्रमुख धर्मगुरू तिथे आले. पहाऱ्यावरच्या सैनिकांना हाताने बाजूला करून ते पुढे गेले, आणि तुम्ही या देशाचे जे भले केले त्याबद्दल आभार मानल्याशिवाय तुम्हांला जाऊ देणार नाही, अशा अर्थाचे बोलून त्यांनी दोघांशी हस्तांदोलन केले. हे कॅथोलिक मिशन संत फ्रान्सिस झेवियरच्या नावाचे होते, ज्या संताचे अवशेष आपल्या गोव्यात आहेत. पुढे १९२० साली समुद्रात जहाज बुडून त्या धर्मगुरूंचा अंत झाला. त्यांची पुन्हा भेट झाली नाही.

युद्ध संपले तेव्हा श्वाइट्झर आजारी होते, खचले होते आणि कर्जात होते. युद्धकाळात दवाखाना चालवायला काढलेले पैसे फेडायचे होते. काम संपले, असेच त्यांना वाटत होते. अशा वेळी स्वीडनचे लुथरन आर्चबिशप सॉडरब्लोम यांनी त्यांना व्याख्यानांसाठी बोलावले आणि देशभर व्याख्याने व ऑर्गनवादनाचे कार्यक्रम करण्याचा सल्ला दिला. १९२० साली चर्चमागून चर्च करीत, तिकिटाच्या आणि दानपेटीच्या पैशांतून, त्यांनी काही आठवड्यांतच निकडीची कर्जे फेडली.

१९ एप्रिल १९२४, पवित्र शनिवारी, ते पुन्हा लांबारेनेला पोहोचले. प्रकृतीमुळे आणि लहान मुलीमुळे हेलेन यांना मागे राहावे लागले. दवाखान्यावर गवत आणि झुडपे माजली होती, छपरे कोसळली होती. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुष्काळ आणि आमांशाच्या साथीनंतर जागा अपुरी पडली. तेव्हा नदीच्या वरच्या अंगाला तीन किलोमीटरवर नवे रुग्णालय बांधले आणि जानेवारी १९२७ मध्ये रोगी तिथे हलवले. पुढे शांततेचे १९५२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेही पैसे कुष्ठरोग्यांच्या वस्तीसाठी खर्च झाले. ४ सप्टेंबर १९६५ रोजी, नव्वदाव्या वर्षी, लांबारेनेलाच त्यांचे निधन झाले. नदीकाठी साधा क्रूस असलेली त्यांची कबर आहे. १९८१ साली तेथे नव्या इमारती उभ्या राहिल्या आणि ते रुग्णालय आजही चालू आहे.

त्यांच्या चुका लपवून चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आफ्रिकी माणूस आपला भाऊ आहे, पण धाकटा भाऊ, असे ते मानीत. गॅबन १९६० साली स्वतंत्र झाला तरी त्यांची ही वडीलकीची दृष्टी फारशी बदलली नाही. तिथल्याच तरुणांना डॉक्टर करण्याकडे त्यांनी पुरेसे लक्ष दिले नाही, हा आक्षेपही रास्त आहे. यातून आपण शिकायचे आहे. देणारा हात वर असतो आणि घेणारा खाली, ही सवय फार खोल रुजलेली असते, अगदी संतवृत्तीच्या माणसातही.

आणि तरीही आपल्याला सावध करणारा विचार त्यांनीच मांडला आहे. संत लूकच्या शुभवर्तमानातला श्रीमंत मनुष्य आणि त्याच्या दाराशी पडलेला लाजरस आपल्याला ठाऊक आहेत. श्वाइट्झर यांच्या मते युरोप हा तो श्रीमंत मनुष्य आणि आफ्रिका हा लाजरस. वसाहतवाल्यांनी त्या खंडाचे जे नुकसान केले, त्यापुढे आपले औषधपाणी हे दान नसून ऋण फेडणे आहे, असे ते मानीत. ज्याला वेदना आणि आजारपण यांतून सुटका मिळाली, त्याने ती न मिळालेल्यासाठी काही केले पाहिजे.

आपणही कधी ना कधी आजारातून उठलो आहोत. कुणाच्या घरी ताप उतरला, कुणाची शस्त्रक्रिया पार पडली, कुणाचे बाळंतपण सुखरूप झाले. डॉक्टर वेळेवर मिळाला, औषध मिळाले. त्या दिवसाची आठवण करून येत्या रविवारी पाकीट भरा. रक्कम किती, हे आम्ही पाहणार नाही. मंदिराच्या दानपेटीपाशी बसून प्रभूने विधवेच्या दोन नाण्यांविषयी काय ठरवले ते आपण जाणतोच. फक्त पाकीट भरताना घरातल्या मुलांना जवळ बोलवा, हे पैसे कुठे जातात ते सांगा, आणि त्यांच्यासोबत त्या अनोळखी रोग्यांसाठी एक प्रार्थना म्हणा. आपल्या आजाराची खबर कुणाला होती का, असे तिथे कुणी विचारले, तर आपल्या धर्मग्रामातल्या घराघरांना ती होती, एवढे तरी खरे ठरू दे.

रोग्यांना स्पर्श करून बरे करणारा प्रभू येशू आपल्या सर्वांना आशीर्वादित करो.