विश्लेषण : ‘आयटी’तील नव्वद तासांच्या वादात नारायण मेघाजी लोखंडे का आठवतात?

बदलापूर ते मुंबई सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटर. सकाळच्या लोकलमध्ये पाठीवर लॅपटॉपची सॅक अडकवून उभे असलेले तरुण-तरुणी ठाण्याला उतरून ऐरोलीची गाडी धरतात, कुणी कांजूरमार्गला उतरून पवईची वाट धरतात. अंबरनाथ, उल्हासनगरचे प्रवासी याच गाडीत चढतात. येण्याजाण्यात तीन तास सहज जातात आणि रात्री घरी आल्यावर तोच लॅपटॉप पुन्हा उघडतो, कारण परदेशातील ग्राहकाची सकाळ तेव्हा सुरू झालेली असते. या वर्गाला हमखास आपला वाटणारा वार एकच, रविवार. (त्या दिवशी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, हा भाग वेगळा.) हा रविवार सहा वर्षे खटपट करून मिळवणारा माणूस ठाण्याचाच होता.

वाद नेमका काय?

इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांनी देशासाठी आठवड्याला ७० तास काम करावे, असे मत मांडले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी आकडा ९० वर नेला आणि कर्मचाऱ्यांना रविवारी कामाला लावता येत नाही याची खंत बोलून दाखवली. दरम्यान, जुलै २०२४ मध्ये कर्नाटकात आयटी कर्मचाऱ्यांचा दिवस १४ तासांपर्यंत नेण्याचा प्रस्ताव चर्चेत आला, तेव्हा तेथील आयटी कामगार संघटना रस्त्यावर उतरली. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कमाल दैनंदिन मर्यादा ९ वरून १२ तास आणि दुकाने-आस्थापनांची ९ वरून १० तास करण्यास मंजुरी दिली. आयटी कंपन्या या दुसऱ्या कायद्याखाली येतात. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कागदावर कायम आहे.

सॉफ्टवेअर अभियंत्यांनी या प्रत्येक वेळी समाजमाध्यमांवर विनोद केले, संताप व्यक्त केला आणि सोमवारी लॉगइन केले. संघटना काढणारे थोडे. लोखंडे यांचे चरित्र नेमके इथे उपयोगी पडते, कारण तेही हाताने यंत्र चालवणारे कामगार नव्हते.

लोखंडे कोण होते?

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये ठाण्यात झाला. कुटुंब मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे, फुलमाळी समाजातील. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे मॅट्रिकच्या आसपास शिक्षण थांबले. तरी त्या काळात एवढे इंग्रजी-मराठी लिहिता-वाचता येणे ही मोठी पुंजी होती. आधी रेल्वे-टपालातली नोकरी, मग मुंबईत मांडवीच्या कापडगिरणीत स्टोअरकीपर. म्हणजे खुर्ची, वही, पगार आणि मालकाशी जवळीक. आजच्या भाषेत ते ‘स्टाफ’मध्ये मोडत होते.

पण स्टोअरकीपरच्या टेबलावरून गिरणी पुरती दिसते. कोण किती वाजता आला, कुणाचा दंड कापला, कुणाचे बोट यंत्रात गेले आणि कुणाला त्यानंतर परत घेतले नाही, हे त्यांनी रोज पाहिले. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाशी ते जोडले गेले, तेव्हा या पाहण्याला विचाराची बैठक मिळाली. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र आर्थिक ओढगस्तीत सापडले होते. लोखंडे यांनी १८८० मध्ये ते मुंबईत आणून चालवायला घेतले. नोकरी सोडून वर्तमानपत्र काढणे तेव्हाही शहाणपणाचे मानले जात नसे.

संपादक म्हणून ते निर्दोष होते असे नाही. फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’चे सुरुवातीचे भाग ‘दीनबंधु’त छापून आले, पुढचे आले नाहीत. सरकारची आणि भटशाहीची एवढी धारदार झाडाझडती छापायला लोखंडे कचरले आणि फुले यांनी त्याबद्दलची नाराजी लपवली नाही. लोखंडे स्वभावाने अर्ज-विनंत्या, सभा आणि वाटाघाटींचे गृहस्थ होते. पुढे जे मिळाले ते या स्वभावामुळे, आणि जे राहिले तेही बऱ्याच अंशी त्यामुळेच, असे म्हणता येते.

गिरणीतला दिवस केवढा होता?

मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला उभी केली. पुढच्या तीन दशकांत परळ, चिंचपोकळी, भायखळ्यात धुरांड्यांची रांग लागली. गिरणीचे घड्याळ म्हणजे सूर्य. उजाडले की सुरू, मावळले की बंद. त्यामुळे हिवाळ्यात दिवस लहान आणि उन्हाळ्यात तेरा तासांच्याही पुढे. कामगारांच्या घरी घड्याळ नसे. उशीर झाला तर दंड, म्हणून बाया-पोरे अंधारातच दरवाजाशी येऊन बसत. दुपारच्या विश्रांतीची खात्री नव्हती, यंत्राशेजारीच भाकरी खाल्ली जाई. सणावारी गिरणी बंद राही, पण आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. जिथे रविवारी यंत्रे थांबत तिथेही ती पुसायला कामगारालाच बोलावले जाई. पगार महिना उलटून बराच काळ गेल्यावर हाती पडे आणि तोवर वाणी-सावकाराकडे खाते चढत जाई.

कायदा कुणाला नको होता?

हा प्रश्न आजच्या वादाशी सर्वात जवळचा आहे. मुंबईच्या गिरण्यांसाठी कायदा करा, हा आग्रह आधी इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरणीमालकांनी धरला. त्यात दयेपेक्षा स्पर्धेची भीती अधिक होती. मुंबईचे सूत स्वस्त पडत होते. साहजिकच इथले गिरणीमालक आणि ‘केसरी’-‘मराठा’सह अनेक देशी वृत्तपत्रे कायद्याच्या विरोधात गेली. देशी उद्योग नुकता उभा राहतो आहे, त्याचे पाय कापू नका, असा त्यांचा सूर होता. युक्तिवाद खोटा नव्हता. फक्त देशाच्या प्रगतीचा खर्च कुणाच्या झोपेतून काढायचा, हे त्यात विचारले गेले नव्हते.

शेवटी १८८१ मध्ये पहिला कारखाना कायदा आला, तो जेमतेम मुलांपुरता. सातपासून बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा. सात वर्षांचे मूल गिरणीत असणे कायदेशीरच राहिले. मोठ्या माणसांबद्दल कायदा गप्प होता. लोखंडे यांनी या दोन्ही बाजूंपासून वेगळी जागा घेतली. लँकेशायरचा हेतू काहीही असो, परळच्या बाईला दुपारी अर्धा तास बसायला मिळते की नाही, एवढे त्यांनी धरून ठेवले.

१८८४ चा अर्ज

त्या वर्षी मुंबई सरकारने दुसरा कारखाना आयोग नेमला. आयोगापुढे मालक आणि व्यवस्थापक बोलणार, हे उघड होते. सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या वतीने एक अर्ज तयार झाला. ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ या भारतातील पहिल्या गिरणी कामगार संघटनेची सुरुवात इथून धरली जाते. मागण्या पाचच होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचा जायबंदी झाल्यास पोटापाण्याची सोय.

आज कुठल्याही कंपनीच्या ‘एचआर पॉलिसी’त हे सगळे पहिल्या पानावर सापडेल. तेव्हा ते गिरणीमालकांना अतिरेकी वाटले. काहीही हाती न लागता पाच वर्षे गेली. १८८९ मध्ये पुन्हा अर्ज झाला. अखेर २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. त्या काळात सुशिक्षितांच्या सभांतही स्त्रिया व्यासपीठावर क्वचित दिसत, हे लक्षात घेतले तर त्याचे मोल कळते. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तोच हवा, असा मुद्दाही लोखंडे यांनी मांडल्याचे सांगितले जाते. नगावर काम करणाऱ्यांचे त्या दिवसाचे उत्पन्न बुडणार होते, तरीही त्यांनी सुट्टीच मागितली. उल्हासनगरच्या गाळ्यांत नगावर जीन्स शिवणाऱ्या कारागिराला ही निवड किती अवघड असते, हे वेगळे सांगायला नको.

१० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालक संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी नेमलेल्या अखिल भारतीय कारखाना आयोगाच्या कामाशीही लोखंडे जोडले गेले आणि १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली. स्त्रियांसाठी ११ तास आणि मुलांसाठी ७ तासांची मर्यादा ठरली. पुरुषांच्या तासांना मर्यादा नव्हतीच. उरलेल्या मागण्यांपैकी अपघाताची भरपाई १९२३ च्या कायद्याने आणि वेळेवर पगार १९३६ च्या कायद्याने मिळाला. पगाराच्या त्या एका ओळीला बावन्न वर्षे लागली.

ती संघटना खरी होती का?

कामगार चळवळीच्या अभ्यासकांत यावर मतभेद आहेत. असोसिएशनला सभासदांची नोंदवही नव्हती, वर्गणी नव्हती, लेखी नियम नव्हते. सरकारी अहवालातही लोखंडे यांची नोंद विनामोबदला सल्ला देणारा गृहस्थ अशाच धर्तीवर झाली. आजच्या अर्थाने ती युनियन नव्हती, हे मान्य करायला हरकत नाही. पण लिहिता-वाचता येणाऱ्या एका माणसाने आपली वही मालकाच्या बाजूने न वापरता कामगारांच्या बाजूने वापरली, एवढ्यावर सहा वर्षे काम चालले, हेही तितकेच खरे.

आजच्या सॉफ्टवेअर अभियंत्याचा पेच इथेच आहे. वडील शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये किंवा अंबरनाथच्या विम्कोत कामगार, युनियनचे सभासद. मुलगा ऐरोलीत ‘असोसिएट’ किंवा ‘टीम लीड’. तो स्वतःला कामगार म्हणवत नाही. कायदा मात्र पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम काय ते पाहतो. औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत तांत्रिक काम करणारेही कामगारच होते. व्यवस्थापकीय काम करणारे आणि ठरावीक पगारावरील पर्यवेक्षक तेवढे वगळले जात. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा पुण्याच्या ‘नाइट्स’ संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे दाद मागितली. अर्ज लिहून सुरुवात, अगदी लोखंडे यांच्यासारखीच.

अखेरची वर्षे आणि विजेचे दिवे

लोखंडे केवळ गिरणीपुरते राहिले नाहीत. विधवांचे केशवपन करणार नाही, अशी शपथ मुंबईच्या नाभिकांनी १८९० मध्ये घेतली, त्यामागे त्यांचा पुढाकार होता. १८९३ च्या हिंदू-मुस्लीम दंगलीनंतर सलोख्यासाठी ते गिरणगावात फिरले, त्याबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर किताब दिला. पुढे मुंबईत प्लेगची साथ आली. श्रीमंत शहर सोडून निघाले, लोखंडे रुग्णांसाठी इस्पितळ उभारण्यात गुंतले आणि त्याच साथीत ९ फेब्रुवारी १८९७ रोजी गेले. वयाची पन्नाशीही झाली नव्हती. नोंदवही नसलेली संघटना त्यांच्यामागे टिकली नाही.

त्यानंतर जे झाले ते पाहायला ते नव्हते. गिरण्यांत विजेचे दिवे आले. तंत्रज्ञान म्हणून ती प्रगतीच होती, धुरकट दिव्यांपेक्षा स्वच्छ आणि सुरक्षित. पण साडेसहा ते सूर्यास्त या मागणीतला सूर्यास्तच त्या दिव्यांनी काढून घेतला. १९०५ च्या सुमारास सुताला चढा भाव होता, तेव्हा अनेक गिरण्या रोज चौदा-पंधरा तास चालू लागल्या. कामगारांनी दगडफेक आणि संप करून पाहिले. मग पुन्हा आयोग, पुन्हा साक्षी, आणि १९११ च्या कायद्याने पुरुषांच्या दिवसाला प्रथमच मर्यादा पडली, बारा तासांची. आठवड्याचे ६० तास १९२२ मध्ये, ५४ तास १९३४ मध्ये आणि ४८ तास १९४६ मध्ये आले.

लॅपटॉपने कार्यालयाची वेळ घरात आणली, ती याच जातीची गोष्ट. आता कोड लिहून देणारी एआय साधने आली आहेत. चार तासांचे काम एका तासात होते, असे त्यांचे विक्रेते सांगतात. अभियंत्यांत काही खूश आहेत, काहींना नोकरीची धास्ती आहे. वाचलेले तीन तास कुणाच्या खात्यावर जमा होणार, यावर मात्र अजून कुठल्या कंपनीत सभा भरलेली नाही.

लोखंडे यांच्या नावाने २००५ मध्ये टपाल तिकीट निघाले. राज्य सरकारच्या श्रम विज्ञान संस्थेलाही त्यांचे नाव आहे. ती परळला आहे, सुपारीबागेच्याच परिसरात.