भाजे लेण्यांकडे पाहणारा गणिती

मळवलीजवळच्या भाजे लेण्यांत चैत्यगृहाच्या छताच्या प्राचीन लाकडी कमानी पाहून पर्यटक थक्क होतात. लेणी येथेच का कोरली गेली, हा प्रश्न मात्र दामोदर धर्मानंद कोसंबी यांना पडला. १९०७ मध्ये गोव्यात जन्मलेले, हार्वर्डमध्ये शिकलेले हे गणिती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पुण्याहून ‘डेक्कन क्वीन’ने जात. मावळातील डोंगरवाटा मात्र त्यांनी पायीच धुंडाळल्या. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी कोकणातून घाटावर येणाऱ्या व्यापारी मार्गांलगत आहेत, याकडे त्यांनी लक्ष वेधले. व्हेनिसचे महाल पाहताना व्यापारी आठवतात. आपल्या लेण्यांत ते सहसा आठवत नाहीत. १९६२ मध्ये कोसंबींची संस्थेतील नोकरी संपली. त्याच वर्षी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ प्रसिद्ध झाले. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.