स्वरशोधक कुमार गंधर्व

आपल्या कल्याण नगरीत सुमारे नऊशे वर्षांपूर्वी चालुक्य कुळातील तिसरा सोमेश्वर राज्य करीत होता. इ. स. ११२९ च्या सुमारास त्याने ‘मानसोल्लास’ नावाचा एक विस्तृत संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाने काय खावे, हत्ती कसे पारखावेत, खेळ कोणते खेळावेत अशा नाना विषयांबरोबर त्यात संगीताचाही विचार आहे. आणि त्या ओघात सोमेश्वर सहज नोंदवून जातो की, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करिताना ओवी गातात. सिंहासनावर बसलेल्या विद्वान राजाला मुसळाच्या ठेक्यावरचे गाणे शास्त्रग्रंथात घ्यावेसे वाटले, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. ज्या थोर गायकाचे चरित्र येथे सांगावयाचे आहे, त्याने विसाव्या शतकात बायाबापड्यांची अशीच गाणी कान देऊन ऐकिली आणि त्यांतून नवे राग उभे केले. तो गायक म्हणजे पंडित कुमार गंधर्व.

कुमारांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी या गावी एका कन्नड भाषिक लिंगायत कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. वडील सिद्धरामय्या स्वतः गाणारे होते व घरात गाण्याचे वातावरण होते. तथापि या मुलाला कोणी समोर बसवून शिकविले नव्हते. सहा-सात वर्षांचा असताना तो एकाएकी गाऊ लागला, आणि गाऊ लागला तो थेट मोठमोठ्या गवयांची गाणी. ध्वनिमुद्रिकेवर ऐकलेली चीज तो तिच्यातील ताना, मुरक्या आणि लकबी यांसह जशीच्या तशी म्हणून दाखवी. एका लिंगायत मठाच्या स्वामींनी त्याचे गाणे ऐकून त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली, आणि शिवपुत्र हे नाव मागे पडून पदवी हेच नाव झाले.

मग गावोगाव त्याचे जलसे होऊ लागले. लोक तिकिटे काढून येत आणि अचंबित होऊन जात. १९३६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या जिना हॉलमध्ये भरलेल्या संगीत परिषदेत हा अकरा वर्षांचा मुलगा गायला, तेव्हा समोर बसलेले नामांकित कलावंतही थक्क झाले. टाळ्या पडल्या, बक्षिसे मिळाली. परंतु नीट विचार केला तर ध्यानात येईल की, हे सारे कौतुक दुसऱ्यांच्या गाण्याचे होते. मुलाचा कंठ होता, पण त्या कंठात बोलत होते ते निरनिराळे बुवा आणि खाँसाहेब. अशी बालके आपल्या देशात पुष्कळ झाली आणि मिसरूड फुटताच विसरलीही गेली. कुमारांचेही तसेच व्हावयाचे नव्हते, म्हणून की काय त्यांना योग्य गुरू भेटला.

प्रोफेसर बाळकृष्ण रघुनाथ देवधर हे पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. मुंबईत ऑपेरा हाउसजवळ त्यांचे संगीत विद्यालय होते. एकाच घराण्याची कवाडे लावून बसणे देवधरांना मानवत नसे. निरनिराळ्या घराण्यांचे गवई त्यांच्या विद्यालयात येत, गात, वाद घालीत. पाश्चात्य संगीताचा आणि आवाजाच्या शास्त्राचाही त्यांनी अभ्यास केला होता. १९३६ साली कुमार त्यांच्याकडे राहावयास आले आणि त्यांच्या पद्धतशीर शिक्षणास आरंभ झाला. अंजनीबाई मालपेकर यांच्याकडूनही त्यांना पुढे मोठे ज्ञान मिळाले. विशीच्या आतबाहेरच कुमार त्याच विद्यालयात शिकवू लागले, मैफली गाजवू लागले. १९४७ साली मूळच्या कराचीच्या असलेल्या आणि त्याच विद्यालयात गाणे शिकलेल्या भानुमती कंस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वय तेवीस, कीर्ती देशभर, हाताशी गाण्याची जाणकार सहचारिणी. दैवाला हे पाहवले नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस कुमारांना क्षयाने गाठले. त्या काळी क्षय म्हणजे काय, याची कल्पना आजच्या विद्यार्थ्यांना येणे कठीण आहे. घरात त्या रोगाचे नाव घेताना आवाज खाली जात असे. फुफ्फुसांचा रोग आणि रोगी गवई! वैद्यांनी गाणे सक्त बंद केले. गुणगुणणेसुद्धा नको म्हणून सांगितले. कोरड्या हवेचे ठिकाण म्हणून १९४८ च्या आरंभी हे दांपत्य माळव्यातील देवास या गावी गेले. देवास हे पवार घराण्यातील मराठा राजांचे संस्थान. टेकडीवर देवीचे ठाणे आणि पायथ्याशी टुमदार गाव. भानुमतीबाईंनी तेथे शिक्षिकेची नोकरी धरिली. नोकरी करावयाची, रोग्याची शुश्रूषा करावयाची, आणि हा पुन्हा गाणार असा विश्वास बाळगावयाचा. कुमारांच्या चरित्रात या बाईंचा वाटा मोठा आहे, आणि तो बहुधा दोन ओळींत उरकला जातो.

सुमारे पाच वर्षे कुमार गायले नाहीत. ज्या मुलाचा कंठ कधी थांबला नव्हता तो आता अंथरुणावर पडून राहिला होता, आणि एकच इंद्रिय त्याला वापरण्याची मोकळीक होती – कान. खिडकीबाहेर माळव्याचे जीवन चालले होते. बाजाराला जाणाऱ्या बाया गात, लग्नाच्या वराती गात, पावसाच्या दिवसांत झोपाळ्यावरच्या मुली गात. फकीर, जोगी दारावरून जात. देवासास नाथपंथी शीलनाथ महाराजांची धुनी आहे. तेथील साधूंच्या मुखी कबीराची निर्गुणी पदे असत. बालपणीही कुमारांनी ऐकिलेच होते, पण ते उचलण्यासाठी. आता उचलून गाण्याची सोयच नव्हती. ऐकावयाचे आणि मनात त्याचा उलगडा करीत बसावयाचे, एवढेच हाती होते. हे गाणे इतके साधे असून मनात का रुतते? यात स्वर तरी किती आहेत? तीन, चार, फार तर पाच. मग त्या चार स्वरांत असे काय आहे की, ते ऐकताच गाणे ऋतूचे, प्रसंगाचे, वेळेचे होऊन जाते?

स्ट्रेप्टोमायसीन हे नवे औषध त्या सुमारास निघाले होते. अमेरिकेत १९४३ साली लागलेला तो शोध हळूहळू आपल्या देशात पोहोचला आणि त्याने कुमारांचे प्राण वाचविले. एक फुफ्फुस मात्र जवळजवळ निकामी झाले. १९५२-५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले, आणि ऐकणारे पुन्हा एकदा थक्क झाले. परंतु या वेळचा अचंबा निराळा होता. आता त्या कंठात दुसरे कोणी बोलत नव्हते.

आजारातून उठल्यावर त्यांनी माळव्यातील लोकगीते जमविण्याचे काम हाती घेतले. शेकडो गीते ऐकून त्यांच्या धुनी त्यांनी स्वरलेखनात बांधल्या. युरोपात हंगेरीचा संगीतकार बेला बार्टोक याने विसाव्या शतकाच्या आरंभी खेडोपाडी यंत्र घेऊन हिंडून शेतकऱ्यांची गाणी गोळा केली होती आणि त्यांच्या आधारे स्वतःचे संगीत रचिले होते. दोघांच्या संगीताची जात अगदी वेगळी, पण ध्यास एकच म्हणावा लागेल. कुमारांना जे आढळले ते असे : लोकधुनीत स्वर थोडे असतात, पण त्यांची चाल ठरलेली असते, कोणत्या स्वरावर थांबावयाचे, कोठून वळावयाचे हे गाणाऱ्या बाईला स्वरांची नावे ठाऊक नसतानाही अचूक ठाऊक असते. रागही शेवटी याहून वेगळा काय असतो? पहाडी, मांड हे राग लोकगीतांतून आले असे जाणकार पूर्वीपासून मानीत आले आहेत. आपल्या कर्णाटकाशी नाते सांगणारा कानडा रागही नावातच आपले मूळ घेऊन येतो. कुमारांनी या विचारास पुढे नेले. राग धुनींतून निघाले असतील, तर ज्या धुनींतून अद्याप राग निघालेला नाही अशाही धुनी असल्या पाहिजेत, असा त्यांचा तर्क होता. त्या त्यांनी शोधिल्या. त्यांतून घडलेल्या रागांना ‘धुन-उगम राग’ असे म्हणतात. मालवती, लगनगांधार, सहेली तोडी, संजारी, मधसुरजा, अहिमोहिनी, निंदियारी ही त्यांतील काही नावे. पुढे १९६९ मध्ये महात्माजींच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने त्यांनी ‘गांधी मल्हार’ रचिला.

दोन राग एकत्र करून तिसऱ्यास नवे नाव देणे ही युक्ती पुष्कळांना साधते. कुमारांना तिचे फारसे अप्रूप नव्हते. राग आपण बनवीत नाही, तो सापडावा लागतो, अशी त्यांची धारणा होती; म्हणून एखादी धुन मनात वर्षानुवर्षे राहू द्यावयाची, तिचा स्वभाव कळेपर्यंत घाई करावयाची नाही, असा त्यांचा क्रम असे.

रागाबरोबर बंदिशी आल्या. ‘शोक’ ही नाममुद्रा घेऊन त्यांनी अनेक बंदिशी बांधल्या. येथे शोक म्हणजे दुःख नव्हे. शौक, आवड, छंद. जुन्या ख्यालांतील शब्द तोंडोतोंडी इतके झिजून गेले होते की, गाणाऱ्याला त्यांचा अर्थ ठाऊक नसे आणि ऐकणाऱ्यालाही त्याची पर्वा नसे. कुमारांच्या बंदिशींत माळवी बोलीतील ताजे शब्द आले, आणि त्यांबरोबर ख्यालात पूर्वी क्वचितच डोकावलेले विषय आले. मधसुरजा रागातील त्यांची एक बंदिश प्रसिद्ध आहे. देवीच्या ठाण्याकडे बळी देण्यासाठी एक शेळी नेली जात आहे. घरी तिचे पिलू एकटे राहिले आहे. आणि ती मातेजवळ, म्हणजे त्या देवीजवळच, सोडविण्याची याचना करीत आहे. दरबारी विरहिणी आणि सासू-नणंदा यांनी गजबजलेल्या ख्यालाच्या महालात ही शेळी कोठून आली, असे कोणास वाटेल. ती देवासच्या रस्त्यावरून आली. या बंदिशी व राग ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात स्वरलिपीसह १९६५ साली मुंबईच्या मौज प्रकाशनाने छापले.

कुमारांचे गाणे सर्वांना रुचले असे मात्र नाही. घराण्याची शिस्त मोडली, विलंबित लयीतील संथ बढत राहिली नाही, स्वर मध्येच तुटतो, असे आक्षेप जुन्या जाणत्यांनी घेतले. कित्येक म्हणत, फुफ्फुस एकच, दम पुरत नाही, म्हणून ही तोडातोड. आमच्या मते हे अर्धसत्य आहे. दम कमी पडत असे हे खरे. पण दम कमी असणारे गवई दुसरेही झाले, त्यांना कोणी कुमार गंधर्व म्हटले नाही. छोटी, अणकुचीदार स्वरवाक्ये, अचानक उसळून येणारा सूर आणि त्यामागची निःशब्द जागा, यांत कुमारांनी आपल्या उणिवेलाच कामाला लाविले. त्या रिकाम्या जागेत तंबोरे बोलत. म्हणूनच तंबोरे जुळविण्यात ते कमालीचे चोखंदळ होते. मैफलीपूर्वी कितीही वेळ जावो, तारा मनासारख्या बोलल्यावाचून ते आरंभ करीत नसत.

१९६१ साली दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी भानुमतीबाई निवर्तल्या. ज्या हातांनी मरणाच्या दारातून परत आणिले, ते हातच नाहीसे झाले. देवासच्या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या कुमारांच्या घराचे नाव ‘भानुकुल’ असे आहे. पुढे त्यांची शिष्या वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मैफलींत त्यांच्या मागे बसून साथ करू लागल्या. मुलगा मुकुल व मुलगी कलापिनी हेही पुढे गायक झाले.

यानंतरच्या काळात त्यांनी एकेका विषयास वाहिलेले कार्यक्रम बसविले. ‘गीत वर्षा’, ‘गीत हेमंत’, ‘गीत वसंत’ यांत ऋतूंचे राग व लोकगीते एकत्र आली, ‘त्रिवेणी’त कबीर, सूरदास आणि मीरा, तुलसीदास व तुकाराम यांवर स्वतंत्र कार्यक्रम झाले, कवी भास्कर रामचंद्र तांबे यांच्या गीतांचीही मैफल झाली. कन्नड घरात जन्मलेला, मुंबईत मराठी गुरूजवळ वाढलेला, माळव्यात राहून हिंदी-माळवी रचना करणारा हा गायक तुकोबांचे अभंग गाई. सीमेवर राहणाऱ्या आपणांस, जिथे एकाच अंगणात दोन भाषा बोलल्या जातात, याचे नवल वाटू नये.

या कार्यक्रमांत आम्हांस सर्वांत विलक्षण वाटतो तो ‘मला उमजलेले बालगंधर्व’. बालगंधर्वांच्या नाट्यगीतांची हुबेहूब नक्कल करणारे त्या काळी महाराष्ट्रात गल्लोगल्ली होते, आणि नक्कल हा तर कुमारांचा बालपणीचा हातखंडा. मनात आणिते तर त्यांनी सर्वांवर मात केली असती. त्यांनी नक्कल केली नाही. बालगंधर्व शब्द कसा उच्चारीत, सूर कोठे नाजूक करीत, लय कशी खेळवीत, हे समजून घेऊन ती गाणी त्यांनी आपल्या कंठाने म्हटली. कार्यक्रमाच्या नावातील ‘उमजलेले’ हा शब्द त्यांनी विचारपूर्वक ठेविला असला पाहिजे.

१९७७ मध्ये पद्मभूषण आणि १९९० मध्ये पद्मविभूषण हे सन्मान त्यांना मिळाले. देवास मात्र त्यांनी सोडिले नाही. उपचारासाठी म्हणून ज्या गावी ते आले होते, तेथेच १२ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे ‘अनूपरागविलास’चा दुसरा भाग प्रसिद्ध झाला, त्यात ते शेवटपर्यंत बांधीत राहिलेल्या बंदिशी आहेत.